घर क्रमांक ०७१४

कादराबादेत, इद्रीसच्या बाइंडिंगच्या दुकानात
शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून
आम्ही जालना वाचवतो.

पट त्यानंच केला. दोन वर्षं लागली.
नगरपालिकेचा जुना नकाशा, त्यावर सहा कोनांची घरं,
मोहोळातल्यासारखी, प्रत्येकाला नंबर.
सोंगट्या लग्नपत्रिकांच्या कातरणातल्या:
पुढं रणगाडा, मागं सोनेरी शाईत
कुणाच्यातरी श्रीकृपेकरूनमधलं नुसतं 'श्रीकृ'.

मला घेतलं ते मी व्हॉलमन म्हणून.
एकवीस वर्षं गल्लोगल्ली चावी फिरवली.
कुठल्या बोळातून जीप जाते, कुठून फक्त सायकल,
कोणत्या भिंतीमागं भिंत नाही, नुसता पत्रा,
हे विचारत विचारत त्यानं पट रंगवला.
मोकळं रान पिवळं. वस्ती करडी.
करड्या घरात दबा धरणाऱ्याला दोन गुण जास्त.
कुंडलिका ओलांडायला अख्खी एक चाल.
मी म्हणालो, उन्हाळ्यात पोरं तिच्यात क्रिकेट खेळतात.
मग नियमाखाली बारीक अक्षरात आलं:
मार्च ते जून, नदी नाही.

सुदाम खरात कायम हल्ल्याच्या बाजूनं.
मामा चौकावर त्यानं तोफा लावल्या, फासे टाकले,
अकरा.
इद्रीसनं त्या घरावर काळी चकती ठेवली. ढिगारा.
आणि वाचून दाखवलं:
ढिगाऱ्यात दबा धरणाऱ्याला तीन गुण जास्त.

उभ्या घराला दोन आणि पडलेल्याला तीन?

असंच असतं, तो म्हणाला. स्लॅब खाली आला
की रणगाड्याला रस्ता उरत नाही,
आणि माणसाला भोक सापडतं.

सुदाम फासे हातात घोळवत बसला.
तो एमआयडीसीत क्रेनवर आहे, भट्टीच्या वर.
म्हणाला, भंगारात येतात ना सळया,
पिळलेल्या, सिमेंट चिकटलेल्या, बोटीतून.
कुठल्या गावच्या, ते चलनावर नसतं.
एकदा चुंबकाला एक दार लटकलं. लोखंडी.
कडी आतून लावलेली.
मग?
मग काय. सोडलं भट्टीत.

०७१४ मध्ये मी राहतो.
पटावर तिथं तीन तुकड्या मावतात.
माझ्या वहीत तिथं बेचाळीस नळ, त्यातले नऊ चोरून.
बायामाणसांची सोंगटी कुठाय, मी विचारलं.
ती लढत नाहीत, इद्रीस म्हणाला, वाटेत येतात.
त्यांच्यासाठी एक ओळ आहे की,
पान सहा: गर्दीच्या घरात चाल अर्धी.

मग रसदीचा नियम निघाला.
प्रत्येक तुकडीपासून पटाच्या कडेपर्यंत वाट मोकळी हवी.
आणि पाणी?
पाण्याचं कुणी लिहिलंच नव्हतं.
मी बोलून गेलो, घाणेवाडीकडून येणारी लाइन दाबली
तर कशाला हव्यात तोफा?
तशीही आपल्याला आठवड्याच्या वेढ्याची सवय आहे,
नवव्या दिवशी मात्र लोक हंडे घेऊन
कुणाच्याही दारात जातील. शत्रूच्यासुद्धा.

दोघंही गप्प.
मग इद्रीसचे डोळे चमकले, त्यानं निळी पेन्सिल काढली.
मुख्य व्हॉल कुठं आहे? नेमकं घर सांग.

मी पटावर वाकलो.
शहर केवढं होतं, ट्यूबलाइटखाली,
एका लग्नाच्या जेवणाच्या टेबलाएवढं.
बोट ठेवलं. त्यानं निळं वर्तुळ काढलं.

त्या रात्री चौथ्याच चालीला
सुदामनं ते निळं घर घेतलं, पाच तुकड्या घालवून,
आणि जालना पडलं. नियमाप्रमाणे.
इद्रीसनं सोंगट्या डब्यात भरल्या,
म्हणाला, तुझ्यामुळं खेळ खरा झाला.

पहाटे साडेतीनला मी चावी खांद्यावर टाकली,
निघालो,
त्या निळ्या वर्तुळाच्या अगदी उलट दिशेला.